चुना न घातलेला ड्रम

महादेवी,

तू फोन ठेवलास तो भात उतू जायलाय म्हणून. भांडण अर्ध्यावरच होतं. मी म्हणत होते, आजच्या आज ड्रममध्ये चुना घाल, नाहीतर आतले सगळे जंतू स्वतःच केलेल्या आंबटपणात मरतील. तू म्हणत होतीस, "मरत न्हाईत गं. जरा तरास होऊ दे त्यांना, मग वळतील." मी म्हटलं, "वळायला ते काय बैल हाईत व्हय?" तू हसलीस. मग झाकण पडल्याचा आवाज आला, तू कन्नडमध्ये स्वतःलाच काहीतरी बोललीस, आणि "ठेवते, मग करते" म्हणालीस. मी मिलमध्ये तशीच फोन धरून बसले. पुढचं वाक्य माझ्या तोंडात तयार होतं, आणि चांगलं सणसणीत होतं.

संध्याकाळी तुझ्या नंबरवरून फोन आला. मी 'हॅलो'सुद्धा न म्हणता ते वाक्य सुरू केलं. पलीकडे तुझा धाकटा भाऊ होता, संगमेश. त्यानं मला अर्धं बोलू दिलं आणि म्हणाला, "सुलूताई, अक्का ऱ्हायली न्हाई. जेवून आडवी झाली, चहाला उठवायला गेलो तर उठंना." मी म्हटलं, "फोन दे तिच्याकडं." मी परत म्हटलं, "तिच्याकडं दे फोन, माझं बोलणं ऱ्हायलंय." तिसऱ्यांदा मी ओरडले असणार, कारण डाळ पाखडणाऱ्या बायकांची सुपं थांबली आणि सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या.

मला अजून हे कळलेलं नाही, महादेवी. लोकांनी सांगितलं, मी ऐकलं, मातीसुद्धा घातली तुझ्यावर या हातांनी, पण कळलेलं नाही. दुपारी आवाज चढवून भांडणारी बाई संध्याकाळी नसते, हे कसलं वागणं? साधं दुखणं नाही, ताप नाही, 'सुलू, छातीत भरून आलंय' असा एक शब्द नाही. तू कुठलीही गोष्ट मला विचारल्याशिवाय करायची नाहीस आणि विचारून झाली की माझं ऐकायची नाहीस. या वेळी विचारलंसही नाही.

तुझ्या दारात आलेल्या बायकांनी मला विचारलं, तुम्ही कोण लागता तिच्या? काय सांगू? कलबुर्गीला मुलींच्या वसतिगृहात आपली खोली एक होती, हे सांगून काय कळतंय कुणाला. तू लिंगायत, सकाळी अंघोळ करून इष्टलिंगाची पूजा झाल्याशिवाय पाण्याला तोंड न लावणारी. मी मराठ्याची, डोळे उघडायच्या आधी चहा मागणारी. तू पुढं शिकलीस, तिथल्याच कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलंस. माझं शिक्षण मधेच थांबलं आणि मी आळंदला वडिलांच्या डाळमिलच्या गादीवर बसले, ती अजून बसलेलीच आहे. मग म्हाताऱ्या आईला, अव्वाला, सोडून राहवत नाही म्हणून नोकरी सोडून तू करजगीला आलीस. मला वाटलं, आता ही गावात बसून वाती वळणार.

पहिल्यांदा मिलवर आलीस तेव्हा डाळीकडे बघितलंही नाहीस. मागच्या बाजूला तुरीच्या टरफलांचा ढीग होता, त्यातली मूठभर उचललीस, हुंगलीस आणि विचारलंस, "याचं काय करायलीस?"

"चुणी गुरं खातात. हे उरलेलं भुसकट जाळतो."

"जाळतीस? अगं, साखर हाय यात."

"मग चहात घाल," मी म्हटलं.

तू घातलीस ती ड्रममध्ये. भुसकट राखेच्या पाण्यात उकळून मऊ केलंस, त्यात पावसानं काळी पडलेली, कुणी घेत नव्हतं ती ज्वारी भरडून शिजवलीस. आणि विरजण कसलं, तर ज्वारीच्या शेतातली माती! ती आधी पाण्यात उकळलीस. मी डोक्याला हात लावला. तू सांगितलंस की उकळल्यावर बाकीचे सगळे मरतात, टणक कवच करून बसणारे तेवढे उरतात, आणि आपल्याला तेच पाहिजेत. त्यांना हवा चालत नाही. म्हणून ड्रमचं तोंड घट्ट बंद, झाकणातून एक नळी, नळीचं टोक पाण्याच्या बाटलीत. दुसऱ्या दिवशी बाटलीत बुडबुडे यायला लागले तेव्हा तू मला गादीवरून हाताला धरून उठवून नेलंस. गिऱ्हाईक तसंच बसलेलं. आपण दोघी पन्नाशीच्या बाया त्या बाटलीपुढे उकिडव्या बसलो आणि बुडबुडे बघत राहिलो.

आपलं भांडण तिथूनच सुरू झालं. हे जंतू साखर खाऊन आधी आम्लं करतात. एक आपलं व्हिनेगरचं आणि दुसरं ते नासक्या लोण्याचं, ज्याच्या वासानं माझ्या मिलमधल्या बायकांनी पदर नाकाला लावले. आंबटपणा फार वाढला की त्यांच्यापुढे दोनच वाटा राहतात. मरायचं, नाहीतर तेच आम्ल परत पोटात घेऊन त्याचं स्पिरिट करायचं, ज्यावर इंजिन चालेल. याला तू 'वळणं' म्हणायचीस; वळलं की नखाचा रंग पुसायच्या औषधासारखा वास येतो, असं सांगायचीस. वेळेवर चुना घातला तर आंबटपणा मरतो, आम्ल चुन्याला धरून त्याचा क्षार होतो, जंतू जगतात आणि आम्लच करत राहतात. तो क्षार कोंबड्यांच्या खाद्यात घालणारे घेऊन जातात. मी व्यापारी बाई. मला हातात येणारं आम्ल हवं होतं. तुला इंधन हवं होतं. तुझं म्हणणं, तुरीच्या भुसकटावर तुरीचीच मिल चालली पाहिजे. मी म्हणायचे, आधी खिचडी शिजू दे, मग बिर्याणीचं बघू.

आणि मी जिंकत आले, हे विसरू नको. चुना न घातलेला तुझा एकही ड्रम वळला नव्हता. बुडबुडे बंद व्हायचे, तू आंबटपणा मोजायची कागदाची पट्टी बुडवून बघायचीस, ती केशरीच्या पुढे लालसर झालेली असायची, म्हणजे संपलं. तू कुणाला काही न बोलता ड्रम ओतायचीस, स्वतः घासायचीस. मी जवळ आले तर हात वर करून "साकु" म्हणायचीस. पुरे. मग चहा झाला की विचारायचीस, "काळी ज्वारी हाय का अजून?" मी मनात चिडायचे. आता वाटतं, त्या प्रश्नाची मी वाट बघत असायचे.

एक गोष्ट तुला कधी म्हटली नाही. मिलमध्ये मला सगळे मालकीणबाई म्हणतात, बाजारात हिशेबाची पक्की म्हणतात. त्या मागच्या शेडमध्ये तू माझ्या हातात पट्ट्यांची डबी ठेवून "बघ कुठला रंग आलाय, माझ्या डोळ्याला चष्मा न्हाई" म्हणायचीस. चष्मा तुझ्या डोक्यावर असायचा. मला माहीत होतं तू तो का घालत नाहीस ते. अर्धवट राहिलेलं माझं शिक्षण तू मला असं थोडं थोडं परत देत होतीस आणि उपकार वाटू देत नव्हतीस. मी तिथे सुखी होते, महादेवी. तेवढं म्हणायला काय जात होतं माझं?

बायकांनी वासाला कंटाळून काम सोडायची भाषा केली तेव्हा शेवटचा ड्रम तुझ्या घरी करजगीला गेला, गोठ्याशेजारच्या खोपीत. ठरलं असं की या एका ड्रमला मी चुन्याचं नाव काढायचं नाही. तू मला बजावलंस, घर जळालं तरी झाकण उघडायचं नाही, आत हवा गेली की खेळ खलास. आंबटपणा बघायला बाजूला छोटी तोटी बसवून घेतलीस. नाव काढायचं नाही असं ठरलेलं असूनही त्या दिवशी दुपारी मी फोन केला, कारण तू म्हणालीस पट्टी केशरी आलीय, चांगली गडद. याच रंगानंतर आधीचे सगळे मेले होते. पुढचं तुला माहीत आहे.

सकाळी मी करजगीला पोचले. मनाशी ठरवून आले होते की अंगणात तू झोपलेली असशील, पांढरं वस्त्र पांघरलेलं असेल, मी आधी पायांकडे बघेन, मग हळूहळू वर. आमच्यात असंच असतं. मी फाटकातून आत आले आणि तू पडवीत भिंतीला टेकून बसलेली होतीस.

बसलेली. मांडी घालून, नवं लुगडं नेसून, कपाळभर विभूती, गळ्यात हार, मान किंचित डावीकडे, नेहमी असायची तशीच. तुमच्यात बसवतात, बसवूनच पुरतात, हे मला ठाऊक होतं. तुझ्या आप्पांच्या वेळी तूच सांगितलं होतंस. पण ठाऊक असणं वेगळं. माझ्या तोंडून निघालं, "अगं, आधी सांगायचं न्हाई का." संगमेशनं मला धरलं. मला वाटत होतं की सगळ्यांनी मिळून काहीतरी चूक केली आहे, आणि आता ही हात वर करून 'साकु' म्हणेल आणि उठेल.

अव्वा तुझ्याशेजारी बसली होती, तुझ्या गुडघ्यावर हात ठेवून. ती रडत नव्हती. येईल त्याला म्हणत होती, "नीलाला येऊ द्या. नीला आल्याबिगर उचलायचं न्हाई." तुझी थोरली बहीण नीलक्का पुण्याहून रात्रीच निघाली होती. सोलापूरच्या अलीकडे तिची गाडी बंद पडली. फोन लागायचा, तुटायचा. किती वर्षं तुम्ही बोलत नव्हता, कशावरून, ते मला माहीत आहे आणि इथे लिहायचं कारण नाही. यंदा दिवाळीला तूच पहिला फोन केला होतास. ती उन्हाळ्यात राहायला येणार होती. तू तिच्यासाठी गादी भरून घेतली होतीस. ती गादी तशीच आत गुंडाळलेली होती.

ऊन वर आलं. भजन चालू होतं. आणि मग मला दिसलं की पुरुषांच्या घोळक्यात काहीतरी कुजबुज चालली आहे. एकानं उपरणं नाकाला लावलं. उदबत्त्यांचा आणखी एक पुडा लावला. तुझे बसप्पाकाका संगमेशला बाजूला घेऊन हलक्या आवाजात म्हणाले, पण मी दोन पावलांवर होते. "वास यायलाय रे. ऊन लई हाय. आता वाट बघायची न्हाई. लेकीची इज्जत ऱ्हाऊ दे, उचलू."

संगमेशनं मान खाली घातली. अव्वाला ऐकू कमी येतं, तिला कळलं नाही. दोघंजण तुला बसवून न्यायचं विमान, ती फळ्यांची पालखी, पुढे ओढायला लागले.

मी श्वास घेतला. आणि मला एकदम असं हसू फुटायला आलं की पदर तोंडात कोंबावा लागला. तो वास तुझा नव्हताच! नासक्या लोण्याचा, तो आपला, माझ्या मिलमधल्या बायकांना पळवून लावणारा. मी खोपीकडे धावले. विमानासाठी फळ्या काढताना कुणाचा तरी धक्का लागला होता, नळी बाटलीतून निघून हवेत लोंबत होती आणि ड्रम सगळ्या अंगणात वास सोडत होता.

मी परत येऊन सांगितलं. "काका, हा वास तिचा न्हाई. ड्रमचा हाय."

काका भले माणूस. त्यांना वाटलं, मैत्रिणीच्या मायेपोटी बोलायलीय. म्हणाले, "बाई, ड्रम गच्च बंद हाय, आम्ही बघितला की. बंद ड्रमाचा वास कसा यील? मेलेल्याला वास येतोच, त्यात लाज कसली. त्रास करून घेऊ नका."

"नळी निघालीय त्याची."

"एवढ्याशा नळीनं एवढा वास?" मागून कुणीतरी म्हणालं. विमान पडवीच्या पायरीला लागलं.

मला तेव्हा तुझा खरंच राग आला. सगळ्या आयुष्यात अंगाला मळ लागू न देता जगलेली बाई, दोनदा अंघोळ करणारी, हात कोपरापर्यंत धुणारी, आणि तिला नासली म्हणून घाईघाईनं मातीत घालायला निघालेत, तिच्या बहिणीला तोंड न दाखवता. आणि तू तशीच मान तिरकी करून बसलेली. बोल की! एरवी एवढं तोंड चालायचं.

मी काकांच्या हाताला धरलं. आमच्या आळंदच्या बाजारात मी पुरुषांच्या हाताला धरत नाही, पण धरलं, आणि त्यांना खोपीत नेलं. आणखी चार-सहा जण मागं आले. ड्रमच्या झाकणाची पकड घट्ट होती. मी ती उघडायला लागले आणि हात थांबले. घर जळालं तरी, असं म्हणाली होतीस. तुझा शेवटचा ड्रम होता तो, आता परत कोण लावणार होतं? हवा गेली की तुझं खरं होतं की माझं, ते कधीच कळणार नव्हतं. मग मला बाहेरून अव्वाचा आवाज आला, "नीला कुठवर आली बघा गं." मी पकड उघडून झाकण बाजूला फेकलं.

काका खोपीच्या बाहेर पळाले. एक जण तिथेच ओकला. बाहेर येऊन डोळे पुसत काका म्हणाले, "कसलं भूत पाळलं होतं गं हिनं!" आणि मग त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी पडवीकडे बघितलं, तुझ्याकडे. पायरीवरचं विमान त्यांनी स्वतःच्या हातानं मागे ओढलं. "थांबा," म्हणाले. "तिची अक्का येऊ दे."

नीलक्का दुपार टळल्यावर आली. ट्रकमधून उतरली, सोलापूरपासून मिळेल त्या वाहनानं आलेली. ती तुझ्यापुढे मांडी घालून बसली, तुझ्यासारखीच, गुडघ्याला गुडघा लावून. मग तिनं पदराच्या टोकानं तुझ्या भुवईवर आलेली विभूती पुसली आणि कन्नडमध्ये तुला एवढंच म्हणाली की आले बघ मी. अव्वा तेव्हा रडली. मीही. मला वाटतं सगळं गावच तेव्हा रडलं, तोवर जो तो घाईत होता.

तुला शेतात बसवलं. हातात तुझं इष्टलिंग दिलं. बेलाची पानं, विभूती, मग माती. मी मूठभर घातली. माझी मूठ उघडत नव्हती, संगमेशच्या बायकोनं उघडली.

परत आल्यावर बायका अंघोळीला गेल्या, कुणी अंगण झाडत होतं, कुणी पडवी सारवत होतं. मला कुणाशी बोलायचं नव्हतं म्हणून मी खोपीत गेले. ड्रम उघडा होता. म्हटलं, निदान झाकण तरी लावावं, गुरं तोंड घालतील. वाकले आणि थांबले. लोण्याचा वास होता, पण त्याच्या मागे आणखी एक होता, पातळ, गोडसर, नखाचा रंग पुसायच्या औषधाचा असतो तसा. सकाळी त्या भपकाऱ्यात कुणाला कळला नसता. मला वाटलं, माझं नाक थकलंय. पट्ट्यांची डबी तिथेच कोनाड्यात होती. मी एक पट्टी बुडवली आणि दारातल्या उजेडात धरली.

पिवळी आली. आदल्या दिवशी गडद केशरी होती, आणि आता पिवळी. मी दुसरी बुडवली. पिवळी. चुन्याचा एक कण न घालता आंबटपणा उतरला होता. त्यांनी तो परत पोटात घेतला होता. मी झाकण उघडायच्या कितीतरी आधी, कदाचित तू भात उतरवत होतीस तेव्हाच, त्यांनी सुरुवात केली होती.

मग मी काय केलं, ते तुला सांगते. मी पट्टी हातात धरून खोपीतून पळत सुटले, अंगणातून, ओल्या सारवलेल्या पडवीत पाय उमटवत, आणि ओरडले, "महादेवी, वळलं गं! चुना न घालता वळलं!"

सबंध दिवस तू तिथे बसलेली होतीस ना. मी तिथेच आले.

भिंत रिकामी होती. खाली अव्वा एकटीच बसली होती. तिनं वर बघितलं. माझा आवाज तिला ऐकू गेला होता. म्हणाली, "काय वळलं गं, सुलू?"

मी पट्टी तिला दाखवली. म्हटलं, "महादेवीचं खरं झालं, अव्वा. ती म्हणायली होती तसंच झालं."

"व्हय?" अव्वा म्हणाली. तिच्या तोंडावर एकदम आनंद आला. "मग तिला सांग की."